स्टिअरिंगमधला दोष

"नंबर पुढच्या काचेखाली आहे, मास्तर. पण बाहेरून दिसायचा नाही, काच पार तडकलीय," मेकॅनिक म्हणाला. "आत बसूनच वाचावा लागेल."

मास्तर ड्रायव्हरच्या सीटवर बसायला गेले, तर गुडघे स्टिअरिंगला थडकले. पोटही अडलं. अपघाताच्या धक्क्यानं सीट पुढे आली असणार, असं पुटपुटत ते कसेबसे आत शिरले. काचेखालची धूळ त्यांनी रुमालानं पुसली, चॅसी नंबर कागदावर उतरवून घेतला आणि एकेक आकडा पुन्हा ताडून पाहिला.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. आदल्या दिवशी दुकानात कापडाचा गठ्ठा आला, त्याला गुंडाळलेल्या वर्तमानपत्रात त्यांनी बातमी वाचली होती. या मॉडेलच्या काही गाड्या कंपनी परत बोलावत होती. स्टिअरिंगमध्ये दोष होता, वळणावर ते मध्येच अडकायचं. आपली गाडी त्यात आहे की नाही, हे चॅसी नंबर देऊन तपासून घ्यावं, असं खाली लिहिलं होतं.

गेल्या वर्षी मास्तरांची बायको याच गाडीत गेली. शहराबाहेरच्या रस्त्यावर, एका वळणावर, गाडी झाडावर आदळली. लोक जमले तेव्हा मुलानं आईला बाहेर काढून मांडीवर घेतलं होतं. गाडी मी चालवत होतो, असं त्यानं पोलिसांना सांगितलं, आणि तेच बापाला. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, डावा खांदा पट्ट्यांनी आवळलेल्या त्या पोराला मास्तर म्हणाले होते, "आईला नेलंस आणि एकटा आलास. मला तोंड दाखवू नकोस." पोरानं ते ऐकून घेतलं आणि तो खरोखरच पुन्हा घरी आला नाही.

मायलेकांचं भारी सूत होतं. दर रविवारी दोघं गाडी काढून भाजीला जायचे आणि ऊन डोक्यावर आल्यावर उगवायचे, तेही एवढीशी पिशवी घेऊन. भाजी आणायला गेला होतात की पिकवायला, असं मास्तर विचारायचे. दोघं एकमेकांकडे बघून हसायचे. तिला गाडीचं फार कौतुक. नवीन होती तेव्हा एकदोनदा म्हणालीही होती, मला शिकवा की चालवायला. "अख्ख्या घराचं स्टिअरिंग तुझ्या हातात आहे, आणखी गाडीचं कशाला?" हे मास्तरांचं उत्तर. चारचौघांत हा विनोद हमखास पिकायचा. तीही हसायची.

ती गेल्यापासून शिलाईमशीन थांबलं की घर खायला उठायचं. मुलाला परत बोलवावं असं मास्तरांना कितीदा तरी वाटलं, पण बोललेला शब्द गिळायचा कसा, हे कळत नव्हतं. आता दोष गाडीचा निघाला तर सगळंच सोपं होणार होतं. मुलगा निर्दोष ठरला असता आणि बापाला त्याच्या दारात जाता आलं असतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरच्या मुलीनं नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि हसून मान वर केली.

"काळजी करू नका काका, तुमची गाडी त्यात नाही. स्टिअरिंग अगदी ठणठणीत आहे. बिनधास्त चालवा."

पुन्हा एकदा बघा म्हणून मास्तरांनी गळ घातली. आकडा वाचण्यात चूक झाली असेल, म्हणाले. तिनं एकेक आकडा मोठ्यानं वाचत नंबर पुन्हा टाकला. उत्तर तेच आलं. एखाद्याला ते ऐकून हायसं वाटलं असतं, या काकांचा चेहरा का पडला हे तिला कळेना.

बाहेरच्या बाकावर मास्तर बराच वेळ बसून राहिले. म्हणजे चूक पोराचीच. राग यायला हवा होता, पण शोधूनही सापडेना. बायकोची आठवण आली आणि तिच्या पाठोपाठ पोराची. तो चुकला असेल, पण आपलं म्हणावं असं तेवढंच माणूस आता उरलं होतं. त्यांनी कागद चुरगाळून टाकला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणारी बस पकडली.

मुलगा एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहत होता. त्यानं दार उघडलं. शर्ट अंगात लोंबत होता. डावा खांदा उजव्यापेक्षा उतरला होता. असा शर्ट शिवायचा तर डावी बाजू वेगळी बेतावी लागेल, असं मास्तरांच्या मनात आलं आणि त्यांना भडभडून आलं. मुलानं खुर्ची पुढे केली, पाणी दिलं.

कपडे उद्या नक्की मिळतील, हे शिंप्याचं नेहमीचं खोटं सोडलं, तर मास्तर आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते.

"कंपनीनं काही गाड्या परत बोलावल्यात," ते म्हणाले. "स्टिअरिंगमध्ये दोष आहे. वळणावर अडकतं. मी आपला नंबर देऊन तपासून आलो."

"मग?"

"आपली गाडी त्यातलीच."

"नक्की?"

"दोनदा बघायला लावलं. झालं गेलं, त्याला कुणाचा इलाज नव्हता. आता घरी चल."

मुलगा मटकन पलंगावर बसला. आईला पोचवतानाही जो रडला नव्हता, तो आता हुंदके देऊन रडू लागला. मास्तर उठून त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. खोटं बोललो ते बरंच केलं, असं त्यांना वाटलं.

बऱ्याच वेळानं मुलानं चेहरा वर केला. त्याचा इतका मोकळा चेहरा मास्तरांनी आधी कधीच पाहिला नव्हता.

"म्हणजे बाबा, आईच्या हातून काही चुकलं नव्हतं," तो म्हणाला. "वळण तिनं बरोबरच घेतलं होतं."