दातानं तोडलेला दोरा

"आक्का, कात्री कशाला दिलीय? दातानं दोरा तोडू नका म्हणून किती वेळा सांगायचं?" बचत गटाची प्रमुख हेमलता रोजच्यासारखी कावली. पण चाळीस वर्षांची खोड ती. यशोदाक्का नुसत्या हसल्या आणि त्यांनी पुढचा मास्क शिवायला घेतला.

शाळेतल्या मुलांचे मास्क होते. कापड नवंकोरं, जंतुनाशक औषध लावलेलं, दिसायला झुळझुळीत. पण कापडाला दात लावून पाचवा दोरा तोडला तेव्हा आक्कांच्या ओठांना मुंग्या आल्या, आणि दहाव्याला मिरची चावल्यासारखी जीभ पोळली. त्यांनी मशीन थांबवलं.

"हेमे, हे कापड पोरांच्या तोंडाला नको."

"अहो, सुरक्षित आहे म्हणून व्यापाऱ्यानं कागद दिलाय!"

"पोरं कागद बांधणार आहेत का नाकाला? घे, तू चावून बघ."

हेमलतानं कापडाची कड दाताखाली धरली, थू थू करत ती नळाकडे पळाली आणि ओल्या तोंडानंच तिनं मुख्याध्यापिकांना फोन लावला.

"बरं झालं बाई, वेळेत सांगितलंत! साधं सुतीच शिवा. आठवडाभर थांबू आम्ही."

दुसऱ्या दिवशी सुती कापडाचा तागा आला. हेमलतानं त्याचा तुकडा धुऊन, वाळवून अदबीनं पुढे धरला. "आक्का, जरा दाताखाली धरून बघता?"

सगळी मशिनं थांबली. आक्कांनी सुजलेल्या ओठांवर पदर धरला आणि हसू आवरत हात पुढे केला.

"आज कात्रीच दे गं बाई!"