शिदोबाच्या चपलेची पिन

“टीव्हीवाले शिदोबाला बूट घालणार, लिहून ठेव!” मागच्या रांगेतला तरुण म्हणाला.

“चपलेची पिन गेली तर मी मालिका बघणारच नाही,” त्याच्या मैत्रिणीने ठणकावलं.

त्यांच्या पुढच्या खुर्चीत एक बाई बसली होती. चित्रकथेतल्या शिदोबाच्या तुटक्या चपलेला सेफ्टी पिन असे. या बाईच्या बाबांनी तीस वर्षं ती पिन प्रत्येक अंकात रेखाटली. ते जाऊन तीन महिने झाले होते. निर्मात्याला तिने एवढंच सांगितलं होतं, “पिन ठेवा.” त्याने नुसती मान हलवली होती.

दिवे मालवले, झलक सुरू झाली. पडद्यावर धुळीत एक पाऊल पडलं आणि पट्ट्यावर पिन चमकली. शिट्ट्यांनी सभागृह दणाणलं.

“काकू, दिसली का पिन?” मागून मुलगी ओरडली.

“दिसली,” ती वळून म्हणाली. “पहिली मीच लावली होती. बाबांच्या चपलेला, सात वर्षांची असताना.”