बोलणं चालू असेपर्यंत

जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून सून बसली होती आणि समोर सासूबाई अशा चेहऱ्याने बसल्या होत्या, की जणू ऑपरेशन त्यांच्या पोटच्या गोळ्याचंच आहे. खरा पोटचा गोळा चहाचा कप घेऊन दारात उभा होता आणि त्याच्याकडे कोणीही बघत नव्हतं.

टेबलावर होता हातात मावणारा एक जुना व्हिडिओ गेम. तो मूळचा सुनेचा. अकरा वर्षांपूर्वी सासूबाईंचा पाय मोडला तेव्हा वेळ घालवायला म्हणून तिने दिला, तो परत आलाच नाही. पाय बरा झाला, पण तोवर गेममध्ये त्यांची बाग उभी राहिली होती. अकरा वर्षं रोज दुपारी त्यांनी तिला पाणी घातलं होतं. आता चार्जरची पिन बसत नव्हती, बॅटरीची शेवटची लाल रेघ उरली होती, आणि या गेमची रीतच अशी की बॅटरी संपली की आतलं सगळं पुसलं जातं. “दुसरी बाग लावू की, आई,” असं मुलगा सकाळी म्हणाला होता. त्यावर आईने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर तो दारातच उभा होता.

बाग कॉम्प्युटरवर घ्यायची तर तशी केबल आता कुठे मिळत नव्हती. सुनेने चार दुकानं पालथी घातली आणि शेवटी स्वतःच जुळवाजुळव केली. ती कानाची यंत्रं दुरुस्त करायची. ती यंत्रं कॉम्प्युटरला जोडायची एक डबी तिने साहेबांना विचारून कामावरून आणली, जुन्या इअरफोनची वायर कापली आणि टोकं डाग देऊन डबीला जोडली. पण गेमचं भोक झिजून सैल झालेलं. वायर खाली दाबून जरा डावीकडे रेटून धरली, तरच चिकटायची.

“आई, हे एवढं धरायचं. हलायचं नाही.”

हे सासूबाईंना सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, फोन जोडायला बोर्डात कॉर्ड खुपसायची आणि बोलणं संपलं की काढायची, हाच त्यांचा धंदा. त्यांनी वायर अशी दाबली की पहिल्या झटक्यात कॉम्प्युटरवर आकडे सरकू लागले. वीस टक्के, तीस, चाळीस. पन्नासला डबीवरचा हिरवा दिवा लागला, आणि सासूबाईंनी खटकन वायर उपसून काढली.

आकडा तिथेच थांबला. मग शून्यावर आला.

“दिवा लागला,” सासूबाई म्हणाल्या. एक्स्चेंजच्या बोर्डावर दिवा लागला म्हणजे पलीकडच्याने फोन ठेवला, कॉर्ड काढायची. हात आपोआप गेला.

इथे दिवा म्हणजे अर्धं काम झालं एवढंच, हे सुनेने आधी सांगायला हवं होतं. ते तिला आता आठवलं. लाल रेघ लुकलुकायला लागली होती. आणखी एकदाच जमेल, ती म्हणाली.

सासूबाईंनी दोन्ही हात मांडीवर घेतले. दुसऱ्या कोणाला धरू दे, माझा हात ऐकणार नाही, असं त्या म्हणाल्या. पण सुनेला स्वतःचे दोन्ही हात डबीवर लागत होते, आणि मुलाच्या हातात घरातली काचेची वस्तू कोणी देत नसे, तिथे हे कोण देणार?

“मी डोळे मिटते,” सासूबाई शेवटी म्हणाल्या. “तू बोलत राहा. लाइनवर बोलणं चालू असताना मी कधी कॉर्ड काढली नाही. साहेब मागे येऊन उभा राहिला तरी नाही.”

“काय बोलू?”

“काहीही. मी काही लोकांचं बोलणं ऐकायची नाही.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “थोडंसं ऐकायची.”

त्यांनी वायर पुन्हा दाबून धरली आणि डोळे मिटले. सून बोलायला लागली. आधी आकडेच वाचून दाखवले. मग कामावरच्या नव्या कारकुनाचं घोरणं सांगितलं. मग दूध, गॅस, किल्ल्या. एरवी त्या दोघींचं बोलणं एवढ्यावरच भागायचं. पन्नासला दिवा लागला. सासूबाईंचं बोट जागचं हललं नाही.

“मी परीक्षेला बसले होते ना,” सून म्हणाली, “तेव्हा पाहुणे आले की तुम्ही दारातच सांगायचात, ती घरात नाही. मी आत पुस्तक घेऊन बसलेली असायचे. मला सगळं ऐकू यायचं, आई. सून सदा कुठे भटकते म्हणून तुम्हाला बोलणी बसली, तीही ऐकली. तुम्ही दाराशी उभ्या राहिलात म्हणून मी पास झाले. एवढ्या वर्षांत हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.”

आकडा शंभरवर गेला. गेमचा पडदा एकदा उजळला आणि काळा पडला. कॉम्प्युटरवर बाग उघडली, कोपऱ्यातल्या बाकासकट सगळी. मुलाने कप खाली ठेवला.

“आली, आई,” सून डोळे पुसत म्हणाली. “सगळी आली. सोडा आता.”

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. वायरवरचं बोट तसंच होतं.

“तुझं बोलून झालं?”

सुनेने नाही म्हटलं.

“मग बोल,” त्या म्हणाल्या. “मी धरलंय.”