खणामागची डबी

शनिवारी दुपारी एक वाजता पारोळ्याच्या गॅरेजमध्ये भिकन मिस्त्रीनं गाडीच्या डॅशबोर्डचा खण ओढून काढला आणि त्याच्या मागून स्टीलची एक चपटी डबी खाली पडली. झाकण ढिलं झालेलं. आत कधीकाळी बोंबलाची चटणी असावी. आता काळं, चिकट तेल होतं.

"हा घ्या तुमचा मेलेला उंदीर," भिकन नाकाला बाही लावत म्हणाला. "खणात कोंबाकोंबी केली की वस्तू मागं पडते. ब्लोअर हवा इथूनच ओढतो, सर. एसी लावला की वास बठ्ठ्या, पूर्ण गाडीत. तुम्ही वर कापूर ठेवा, अत्तर मारा, तो जाईल कसा?"

हितेंद्र सरांनी रुमालात धरून डबी उलटी केली. बुडावर नाव कोरलेलं होतं. संघमित्रा.

संघमित्रा समोरच उभी होती. बस स्टँडकडे जाताना तिला गॅरेजमध्ये ही गाडी दिसली आणि ती मुद्दाम थांबली. या क्षणाची ती महिनाभर वाट बघत होती.

हितेंद्र सर, ज्योत्स्ना आणि ती, तिघं पारोळ्यात एकाच शाळेत शिकवायचे. धुळ्याहून सरांच्या गाडीनं रोज अपडाउन. ज्योत्स्ना पुढच्या सीटवर, संघमित्रा मागं. उन्हाळा लागला आणि एसीच्या जाळीतून वास यायला लागला. चौथ्या दिवशी सर म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे हे रोजचंच असेल. आम्हाला सवय नाही. उद्यापासून एस.टी. बघा."  ज्योत्स्नानं फक्त पदर नाकाला लावला. त्यानंतर स्टाफरूममध्ये संघमित्रानं डबा उघडला की शेजारच्या खुर्च्या सरकायच्या.

पण ती गाडीतून उतरली तरी वास उतरला नाही. सर रोज अत्तराची नवी बाटली आणत होते, काचा खाली करून एसी चालवत होते. संघमित्राला ते गोड वाटत होतं. खरं कारण सापडेल, मग सरांना सगळ्या स्टाफसमोर माफी मागायला लावायची, असं तिनं ठरवून ठेवलं होतं.

"घ्या मॅडम," सरांनी डबी पुढं केली. "नावानिशी सापडली."

डबी तिचीच होती. पण ती तिनं ज्योत्स्नाला दिली होती. दर आठवड्याला एक. "आमच्याकडे चालत नाही गं, कुणाजवळ बोलू नको," असं म्हणून ज्योत्स्ना चटणी मागून न्यायची. तिचे सासरे नाना फार कडक. धाकट्या मुलानं बाहेर अंड्याची पोळी खाल्ली, तर नानांनी त्याची चूल वेगळी करून टाकली होती. म्हणून संघमित्रा कुणाजवळ बोलली नव्हती. गाडीतून उतरवलं तेव्हाही नाही.

आता तिनं सरांशेजारी उभ्या ज्योत्स्नाकडे पाहिलं. एक वाक्य पुरेसं होतं.

"अगं, तूच विसरली असशील," ज्योत्स्ना म्हणाली. "होतं असं कधीकधी."

संघमित्रानं डबी घेतली. धुतली नाही, पुसलीही नाही. सर आणि ज्योत्स्ना गाडी धुऊन होईपर्यंत गॅरेजमध्ये अडकले होते. तिला पारोळ्यातच धुळ्याची बस मिळाली. शेजारची बाई दुसऱ्या सीटवर जाऊन बसली. बसू दे. संघमित्रा वाक्य जुळवत होती. ते मोठ्यानं म्हणायचं होतं, आतल्या खोलीपर्यंत जाईल असं.

धुळ्याच्या देवपुरात ज्योत्स्नाचं घर तिला माहीत होतं. दार उघडंच होतं. आत नाना टीव्हीवर बातम्या बघत होते. फक्त पाठ दिसत होती. ज्योत्स्नाची सासू झुंबरबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

"बस ना, माय. ज्योत्स्ना आजून येल नई."

संघमित्रानं डबी वर धरली आणि झाकण काढलं.

"तुमच्या सुनेची डबी गाडीत राहिली होती," ती म्हणाली. आवाज चढवायला तिनं श्वास घेतला.

झुंबरबाईंचा चेहरा उतरला. त्या चटकन उंबऱ्याबाहेर आल्या आणि पाठीमागं दार ओढून घेतलं. ते पुरतं लागलं नाही.

"हळू बोल, माय. पाया पडस तुन्हा." "ती पोर नई खास. बोटबी नई लावस. मन्हासाठे लयस ती."

"तुमच्यासाठी आणते?"

"माहेरना घास शे वं. दात गयात, पन जीभ शे ना! ती पोरनी मन्हं नाव आजूनलोंग कोनले सांगं नई."

म्हणजे ज्योत्स्ना इतके दिवस सासूचं नाव झाकत होती. बसमध्ये जुळवलेलं वाक्य जिभेवर होतं. त्यातलं एक नाव आता चुकीचं निघालं होतं, बाकी वाक्य खरंच होतं. गाडीतून तिलाच उतरवलं होतं. खुर्च्या तिच्याच शेजारच्या सरकल्या होत्या. आणि या घराची अब्रू राखायला ज्योत्स्नानं तिचीच अब्रू वापरली होती.

तिनं झाकण लावलं. पण वास फटीतून आत गेला होता.

"वास कसाना ई राह्यना वं?" आतून नानांनी विचारलं.

 टीव्ही बंद झाला. खुर्ची सरकली. नाना दारात आले. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग संघमित्राकडे, मग तिच्या हाताकडे.

"बाई," ते म्हणाले, "तुमना डबाना शे का हाऊ वास?"

झुंबरबाई खाली बघत होत्या. हो म्हटलं तर वास पुन्हा संघमित्राचाच ठरणार होता, नाही म्हटलं तर या म्हातारीची चूल वेगळी होणार होती.