हार्मोनची गोळी

डॉक्टरीणबाई सुनेला समजावत होत्या, "गर्भाशयातली जनुकं हार्मोनच्या हुकमाने जागी होतात, मगच गर्भ रुजतो. तुझ्यात ते हार्मोन कमी पडतं. गोळ्यांनी भरून काढू. तुझा काही दोष नाही."

शेवटचं वाक्य ऐकून सगुणाक्का आतून जळाली. तिला असं कुणीच सांगितलं नव्हतं. तिला मूल होईना, तेव्हा घरात सवत आणली होती. आणि ही त्या सवतीचीच सून.

बाहेर आल्यावर सवत, भामा, म्हणाली, "आक्का, नशीबवान गं आपली पोर!"

"नशीब कसलं? गोळी आहे ती. माझ्या वेळी असती, तर तू या घरात आलीच नसतीस."

भामा चालता चालता थांबली.

"मला तरी कुठं यायचं होतं, आक्का?"