डावीकडचं सफरचंद

“डावीकडे लाल, उजवीकडे हिरवं,” काकू म्हणाल्या. “मध्ये द्राक्षं. पुढे लिंबू.”

सरांनी ते पुन्हा म्हणून दाखवलं, शाळेतल्या पोराने पाढे म्हणावेत तसं. मग वाकून त्यांनी चित्रासाठी टेबलावर मांडलेलं डावीकडचं सफरचंद जरा फिरवलं, देठ उजेडाकडे आणला आणि ते कललेलं राहावं म्हणून खाली मेणाचा गोळा सारला. उजवीकडच्या सफरचंदालाही तसंच केलं. दोन्ही एका मापाची, एका बांध्याची. आकाराच्या बाबतीत सरांची नजर अजून तय्यार होती. रंगांनी तेवढा दगा दिला होता. गेल्या वर्षापासून लाल काय नि हिरवं काय, सगळं त्यांना मातकटच दिसायचं. पॅलेटवरचे रंगसुद्धा काकूच ठरलेल्या क्रमाने पिळून ठेवायच्या. हे नवरा-बायको दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. काकूंनी पोटच्या पोरांनाही पत्ता लागू दिला नव्हता.

पण कुजबुज थोडीच थांबते! सरांचे रंग हल्ली भलतीकडेच चाललेत, असं लोक बोलायला लागले होते. म्हणून तर आज चिमणी येणार होती. चिमणी म्हणजे सरांची जुनी विद्यार्थिनी. वर्गात अखंड बडबड, म्हणून सरांनीच ठेवलेलं नाव. आता ती चित्रांच्या मोठ्या संग्रहालयाची मुख्य झाली होती, आणि सरांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरवायचं की नाही, हे तिच्या एका शब्दावर होतं. सर, कित्येक दिवसांत तुम्हाला रंगवताना पाहिलं नाही, येऊन बसते, असा तिने निरोप धाडला होता. निरोप गोडच होता. काकूंनी मात्र सकाळपासून सरांकडून मांडणी घोकून घेतली होती.

चिमणी आली, काकूंच्या गळ्यात पडली, आपल्या वाढलेल्या वजनाची स्वतःच चेष्टा केली आणि स्टूल ओढून सरांच्या मागे बसली. सर खुशीत आले. कोळशाने त्यांनी कॅनव्हासवर भराभरा आकार उतरवले. एकेक रेष अशी नेमकी पडली की काकूंना वाटलं, निभावलं बाई. त्या चहा टाकायला आत गेल्या.

चहा गाळताना चिमणीचा आवाज कानावर आला. “सर, तुमचाच नियम विसरलात?”

सरांच्या वर्गात ती पद्धतच होती. रंग लावण्याआधी रंगवणाऱ्याने पाठ फिरवायची आणि दुसऱ्या कुणीतरी मांडणीत काहीतरी हलवायचं. मग माणूस डोक्यातलं रंगवत नाही, समोरचं रंगवतो. जन्मभर सरांनी हेच पोरांच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. आता कुठल्या तोंडाने नको म्हणणार?

काकू कप घेऊन बाहेर आल्या तोवर सर पाठ फिरवून पुन्हा वळलेही होते. काकूंनी टेबलाकडे पाहिलं. कार्टीने सफरचंदांची अदलाबदल केली होती. हिरवं डावीकडे, लाल उजवीकडे. मेणाचे गोळे जागच्या जागी, देठ तसेच उजेडाकडे. शेवटी सरांचीच शिष्या.

काय बदललं ते ओळखा, असं ती हसत म्हणाली. तिच्या मनात कपट नव्हतं. सरांचं कौतुक करायलाच ती आली होती, आणि काकूंना त्याचीच जास्त भीती वाटली.

सर टेबलाकडे बघत राहिले. लिंबाकडे, द्राक्षांकडे, पुन्हा लिंबाकडे. मग त्यांनी खाकरून, आता रंगवतानाच बघ, असं काहीतरी म्हटलं आणि ब्रश पॅलेटवरच्या पहिल्या रंगात बुडवला. लालात. ब्रश कॅनव्हासच्या डाव्या बाजूकडे निघाला.

चिमणी पुढे झुकली.

खोकावं, तर सरांना कळणार नाही. बोलावं, तर चिमणीला कळेल. काकूंनी कप टेकवले, टेबलापाशी गेल्या, डावीकडचं सफरचंद उचललं आणि कचकन चावा घेतला.

त्या घरात मांडलेल्या फळाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. पोरं लहान असताना फळं मांडल्या जागी सडून गेली होती, पण चित्र पुरं होईपर्यंत एकानेही द्राक्षाचा मणी तोंडात टाकला नव्हता.

“सकाळपासून पोटात काही नाही,” काकू भरल्या तोंडाने म्हणाल्या. “राहवलं नाही.”

सरांचा पारा असा चढला की बोलता सोय नाही. ब्रश आपटला. काकूंची अक्कल काढली, माहेर काढलं, इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई काडीचं शिकली नाही म्हणाले. काकू खाली मान घालून ऐकत होत्या. बोला, हवं तेवढं बोला, त्या मनात म्हणत होत्या. आता ही पोरगी कंटाळून जाईल, मग उद्या पुन्हा मांडू. त्यांना चक्क हायसं वाटत होतं.

“आणि खायचंच होतं तर ते हिरवं खायचं,” सर ओरडले. “लालच बरं सापडलं तुला!”

काकूंच्या हातात हिरवंगार सफरचंद होतं. पाठीमागे लपवायलाही उशीर झाला होता.

चिमणी हळूहळू स्टुलावरून उठली. तिने सफरचंदाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, मग पॅलेटवरच्या ओळीने मांडलेल्या रंगांकडे पाहिलं. काकू तिच्याकडे बघत होत्या. बघण्यापलीकडे त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं.

“खरंच की, काकू,” चिमणी शेवटी म्हणाली. तिचा आवाज जरा चिरकला. “चांगलं लालबुंद होतं हो ते.”