ढालीवरचं रानडुक्कर

"आपल्या घराण्याच्या ढालीवर भाला खुपसलेलं रानडुक्कर आहे, रोझमंड! त्या शिकारीपायी राजानं आपल्या पूर्वजाला हॅवरशॉ गाव दिलं, तेच आपलं आडनाव झालं. आणि तू लग्न करणार पबमधल्या आचाऱ्याशी?" लॉर्ड हॅवरशॉ कडाडले.

लेकीचं तोंड बंद करायला त्यांनी लंडनहून जुन्या ढालींचे जाणकार बोलावले. जाणकारांनी गाव दिल्याची राजाची सनद दोनदा वाचली आणि चष्मा पुसत म्हणाले, "लॉर्डसाहेब, शिकार राजानंच केली होती. तुमच्या पूर्वजानं ते डुक्कर इतकं फक्कड भाजलं, की राजा खूश झाला. हा भाला नाही, भाजायची सळई आहे."

रोझमंडनं हसू दाबत वडिलांपुढे चहा ठेवला.



"म्हणजे बाबा, स्थळ आपल्यातलंच निघालं की!"